आठ वाजताचा फोन

१४ सप्टेंबर

या डायरीत नोव्हेंबरला एकतीस दिवस आहेत. आमच्या छापखान्यातून अशा चारशे डायऱ्या छापून निघाल्या आणि प्रुफं मी तपासली होती. मालक ओरडले नाहीत. गठ्ठ्यातली एक काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, घ्या, आठवण म्हणून. तेव्हापासून ड्रॉवरमध्ये पडून होती. आज बाहेर काढली, कारण मनात जे आहे ते कुणाला सांगण्यासारखं नाही आणि न सांगता राहणं माझ्या स्वभावात नाही.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. लग्नाआधीच त्याने मला सांगितलं होतं की त्याला एचआयव्ही आहे. रोज एक गोळी घेतो. गेली कित्येक वर्षं त्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही सापडत नाही आणि माझी दरवर्षीची तपासणी स्वच्छ येते. आजाराशी माझं भांडण नाही, त्याला मी कधीच घरातला मानलंय. भांडण आहे ते रोज सकाळी आठला येणाऱ्या फोनशी.

दवाखान्याची ही जुनी पद्धत. नव्या पेशंटांच्या जोड्या लावायच्या. ठरलेल्या वेळी एकाने फोन करायचा, "घेतली?" विचारायचं, दुसऱ्याने "घेतली" म्हणायचं आणि उलट विचारायचं. फोन आला नाही तर आपण लावायचा. तीनदा लावूनही उचलला नाही तर थेट दारात जायचं. बाकीच्या जोड्या केव्हाच मोडल्या, आता मोबाइलवर आपोआप आठवण येते. माझ्या नवऱ्याची जोडी मात्र नऊ वर्षं टिकली आहे. आमच्या लग्नाला सात झाली.

फोन एका बाईचा असतो. तिचं बटणांचं दुकान आहे. हा फोन घेऊन गॅलरीत जातो आणि दार ओढून घेतो. एक मिनिटसुद्धा लागत नाही. पण आत येतो तेव्हा नुकती अंघोळ केल्यासारखा दिसतो. माझ्याशी तासभर बोलून तो कधी तसा दिसलेला नाही.

१७ सप्टेंबर

आज जगात दुसरं काही छापायचं नसल्यासारखी नेमकी तीच पुस्तिका माझ्या टेबलावर आली. एचआयव्हीबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न. चाळीस पानं. दवाखान्यातल्या समुपदेशक बाई स्वतः मजकूर घेऊन आल्या होत्या. मी त्यांच्याकडे दरवर्षी तपासणीला जाते, पण सगळ्यांसमोर त्यांनी ओळख दाखवली नाही. मालकांना म्हणाल्या, तपासणारं माणूस काळजीचं हवं. मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि डायरीचा विषय काढला नाही, हे त्यांचे उपकार.

पहिल्याच पानावर चूक सापडली. "डास चावल्याने एचआयव्ही पसरतो हे खरे." "नाही" गळलं होतं. एवढ्याशा शब्दाने किती घरांत भांडी वेगळी झाली असती. लाल पेनाने जागेवर घातलं.

एका ताटात जेवल्याने होतो का? नाही. मिठी मारल्याने, खोकल्याने, एकच संडास वापरल्याने? नाही. मग कशाने? निरोधाशिवायच्या संबंधाने, रक्ताने, एकमेकांची सुई वापरल्याने, आणि उपचार नसतील तर आईकडून बाळाला. गोळ्या नियमित असतील आणि रक्तात विषाणू सापडत नसेल तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे सगळं मला पाठ आहे. मी शेवटच्या पानापर्यंत माझा प्रश्न शोधला. नवऱ्याचं दुसऱ्या बाईशी रोज आठ वाजता काय असतं? चाळीस पानांत तो कुठेच नव्हता.

२३ सप्टेंबर

पुस्तिकेत शेवटी इतिहास आहे. हा विषाणू माणसात आला तो चिंपांझीतून. मध्य आफ्रिकेच्या जंगलात, शंभरेक वर्षांपूर्वी, शिकार कापताना रक्ताला रक्त लागलं असावं. शहरं वाढली, माणसं हिंडली, तो त्यांच्याबरोबर हिंडला. आजाराला नाव मिळेपर्यंत साठसत्तर वर्षं गेली होती. शास्त्रज्ञांनी जुन्या रक्ताचे नमुने ताडून हे सगळं मागे मागे जात शोधलं. खाली ठळक अक्षरांत होतं: यात कोणा एका माणसाचा दोष नाही.

वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शास्त्रज्ञांना शंभर वर्षं मागे जाऊन जंगलातला चिंपांझी सापडतो आणि मला दहा वर्षं मागे जाऊन एक बाई सापडत नाही. ह्याला कुणाकडून लागण झाली, हे मी सात वर्षांत किती वेळा विचारलं असेल. दरवेळी एकच उत्तर. माहीत नाही, आणि माहीत झालं तरी काय करणार आहेस.

मी काय करणार ते मी बघेन. माझा बटणवालीवर संशय आहे. नाहीतर नऊ वर्षं कोण कुणाला फोन करतं?

३० सप्टेंबर

जाऊन आले. ह्याच्या युनिफॉर्मच्या शर्टाचं एक बटण मीच कात्रीने काढलं आणि ते दाखवायला घेऊन गेले. दुकान म्हणजे खोक्यांची भिंत आणि मधे एक स्टूल. मनाशी म्हटलं होतं, थकलेली, खंगलेली कुणीतरी असेल, मला दया येईल आणि प्रकरण मिटेल. कसलं काय. माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान असेल. दाट केस, हसली की गालाला खळी. ती पाठीमागे न बघता हात घालून बरोबर खोकं ओढते.

बटण हातात घेतल्याबरोबर तिने विचारलं, कॉलरजवळचं की बाहीचं. बाहीचं म्हणाले. तिने तसंच काढून दिलं आणि एक जास्तीचं कागदात गुंडाळलं. म्हणाली, "लिफ्टवाल्यांच्या बाह्या सारख्या अडकतात, वहिनी."

म्हणजे तिने ओळखलं होतं. वहिनी म्हणाली म्हणजे नणंद झाली असं थोडंच असतं. मी पैसे ठेवले आणि बाहेर पडले. रस्त्यात आठवलं, मी ह्याचं काम काय ते सांगितलंच नव्हतं. पण तिला बटणावरून कळलं असेल. की बाही माहीत होती?

१ ऑक्टोबर

बटण लावलं. ह्याने बघितलं नाही.

१४ ऑक्टोबर

आज मी एक गोष्ट केली.

पाणी उशिरा आलं, त्यामुळे आठला हा न्हाणीघरात होता. फोन वाजला आणि मी उचलला. पलीकडून "घेतली?" आलं. एवढाच शब्द, पण काय आवाज होता तिचा. हक्काचा. मी म्हणाले, त्याला आता फोनची गरज नाही, विचारायला मी आहे. ती म्हणाली, "बरं, वहिनी. त्याने आज घेतली का, तेवढं बघाल?" मी म्हणाले, बघते. आणि ठेवला.

तिने घेतली का, हे मी विचारलं नाही. तेव्हा सुचलंच नाही.

ह्याला सांगितलं की तिचा फोन येऊन गेला. तिला आता विचारायला दुसरं कुणीतरी मिळालंय. तू फोन करू नकोस म्हणाली, घरच्यांना संशय येतो. तिच्या भावाच्या घरात कुणालाच माहीत नाही, हे मला ह्याच्याच बोलण्यातून कळलेलं होतं. खोटं बोलायला ते किती कामाला आलं. टॉवेलने डोकं पुसता पुसता तो थांबला. म्हणाला, "चला, बरं झालं. तिला कुणीतरी हवंच होतं." आणि गॅलरीत जाऊन उगाच उभा राहिला.

मला बरं वाटतंय. खरंच बरं वाटतंय.

१९ ऑक्टोबर

आता आठला मी विचारते. "घेतली?" "घेतली." पण त्याच्या तोंडावर ते अंघोळीनंतरचं ताजेपण येत नाही. काल मी रागावलेच, की ती विचारायची तेव्हा तुझा चेहरा फुलायचा, मी विचारते तेव्हा शाळेतल्या मुलासारखा हात पुढे करतोस. तो शांतपणे म्हणाला, "तू विचारतेस तेव्हा मी एकटाच घेतो."

म्हणून आज व्हिटॅमिनच्या गोळ्यांची बाटली आणली. आठला त्याच्यासमोर बसून मीही एक गिळली. त्याने बघितलं. हसला नाही, चिडलाही नाही. पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला फक्त.

६ नोव्हेंबर

पुस्तिकेची दुसरी प्रुफं. गोळ्या चुकल्या तर काय होतं? विषाणू पुन्हा वाढतो. गोळ्या कधी घेतल्या, कधी सोडल्या असं होत राहिलं तर विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होण्याचा धोका असतो, मग औषध बदलावं लागतं. "दाद" चा "दात" झाला होता. दुरुस्त केला. दुपारी डोकं दुखत होतं म्हणून लवकर घरी आले.

२१ नोव्हेंबर

हा चार दिवस उशिरा येतोय. विचारलं तर म्हणतो मोठ्या इस्पितळाच्या लिफ्टचं काम आहे. असेल. पण फोन बंद झाल्यापासून भूक मेली आहे त्याची, आणि परवा बाहीला नवंच बटण दिसलं. मी लावलेलं नाही. म्हणजे आता फोनचाही आडपडदा उरला नाही, सरळ भेटी चालल्या आहेत. मीच माझ्या हाताने त्यांना गॅलरीतून काढून दुकानात पोचवलं की काय?

२५ नोव्हेंबर

पकडायला गेले होते. संध्याकाळी सहाला, अगदी ह्याच्या सुटायच्या वेळेला. शटर खाली. बाजूला किल्ल्या बनवणारा बसतो. त्याला विचारलं. म्हणाला, आठवडा झाला, उघडलेलं नाही. ताप आहे म्हणे. भावाच्या घरी न जाता मागच्या खोलीतच पडून असते, दार ठोठावा हवं तर.

मी ठोठावलं नाही. घरी आले तर हा माझ्या आधी पोचला होता. इस्पितळाच्या लिफ्टचं ग्रीस कोपरापर्यंत होतं. बाहीच्या बटणाचं विचारलं. म्हणाला, एक जास्तीचं कागदात होतं ना कपाटात, तेच मी लावलं, पहिलं तुटलं.

२६ नोव्हेंबर

आठला ह्याला विचारून निघाले आणि छापखान्याच्या जिन्यात उभं राहून माझ्या फोनवरून तिला लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा.

तीन झाले.

२७ नोव्हेंबर

तीन झाले की काय करायचं ते मला माहीत आहे. पण तो नियम त्या दोघांचा आहे. मी त्यांच्या जोडीत कुठे येते? दिवसभर असं स्वतःशी घोकत बसले आणि एका पानावर सहा चुका सोडल्या. मालकांनी नुसतं डायरीकडे बघितलं.

२८ नोव्हेंबर

गेले. दार ढकललेलंच होतं. ती खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. गळ्याला गाठी, ओठांच्या कडेला फोड, केसांना किती दिवस कंगवा लागला नसेल. खळी कुठे गेली होती कोण जाणे. मला बघून तिने आधी पदर सावरला आणि म्हणाली, "त्याने घेतली ना?"

मी खाली बसले. किती दिवस घेतल्या नाहीत विचारलं. तिने बटणांचं एक खोकं दाखवलं. वर बटणं, खाली गोळ्या. पहिले आठ दिवस घेतल्या, मग एक दिवस राहिली. मग दोन. कुणी विचारणारं नव्हतं तर न घेतल्याचंही कुणाला सांगावं लागत नव्हतं. भावाच्या घरी सतत माणसं असायची, तिथे खोकं उघडायची सोय नव्हती. मग इतक्या चुकल्या की दवाखान्यात जायची लाज वाटायला लागली. तिने मला बोल लावला नाही. एकदाही नाही. लावला असता तर मला सोपं गेलं असतं.

तशाही वेळी माझ्या तोंडून तेच निघालं. ह्याला तुमच्याकडून झालं का? ती हसली आणि तिला खोकला आला. म्हणाली, आमची पहिली भेटच दवाखान्याच्या पायरीवर झाली. रिपोर्ट हातात घेऊन रडत बसला होता, मला त्याचा रागच आला, माझाही तोच रिपोर्ट होता आणि मला रडायला जागा नव्हती. मला माझ्या नवऱ्याकडून झालं, तो गेला. ह्याला कुणाकडून, ते मी कधी विचारलं नाही.

मग मी विचारलं की नऊ वर्षं बोलता काय तुम्ही?

ती म्हणाली, "घेतली, घेतली, बस. एकदाच तो जास्तीचं बोलला. म्हणाला, आज तिला सांगितलं. ती उठून गेली नाही. मग बराच वेळ फोन धरून गप्प बसला. मी पण धरून बसले."

तो दिवस मला आठवतो. मी उठून गेले नव्हते, हे खरं. पण त्याचं त्याला काय वाटलं, ते तो माझ्यासमोर बोलला नव्हता. तिला सांगितलं, मला नाही.

रिक्षा करून तिला दवाखान्यात नेलं. समुपदेशक बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि तिला आत घेतलं. रक्त घेतलं आहे. जुनी गोळी अजून लागू पडते की औषध बदलावं लागेल, ते रिपोर्ट आल्यावर कळेल. निघताना बटणवाली म्हणाली, "त्याला तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून नको."

३० नोव्हेंबर

सांगितलं. सगळं, न्हाणीघरापासून. तो जेवता जेवता थांबला. एवढंच विचारलं की फोन बंद करून किती दिवस झाले. सत्तेचाळीस, मी म्हणाले. त्याने ताट उचललं, धुतलं, जागेवर ठेवलं आणि झोपायच्या खोलीत गेला. ओरडला असता तर मीही ओरडले असते.

३१ नोव्हेंबर

हा दिवस नाहीच, म्हणून जे कुठेच लिहिता येणार नाही ते इथे लिहिते. परवा त्या खोलीत शिरले आणि तिचे ते विस्कटलेले केस बघितले तेव्हा, भीती वाटायच्या आधी, अगदी क्षणभर, मला बरं वाटलं होतं.

४ डिसेंबर

तिच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. रिपोर्ट यायचाय. हा काल जाऊन तिला भेटून आला. मी कुठे चाललास विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. आल्यावर भिंतीकडे बघत निरोप दिला. तिचं म्हणणं असं की फोन ज्यांनी बंद केला त्यांनीच आता करायचा. दोघांनाही. रोज आठला.

म्हणजे मी. कॅलेंडरांचा हंगाम आहे, साडेसातलाच छापखान्यात जावं लागतं. तिथून लावेन.

११ डिसेंबर

आठला आधी तिला, मग ह्याला. तिचं "घेतली" दिवसागणिक जरा मोठ्याने येतंय. ह्याचं तसंच आहे, कोरडं. दिवसभरात तो माझ्याशी तेवढंच बोलतो. त्या एका शब्दासाठी मी साडेसातपासून घड्याळाकडे बघत असते. लाजच आहे.

दोघांचे फोन मिळून पन्नास सेकंद होतात. मी मोजले. मला अजूनही वाटतं की नऊ वर्षं ह्यात आणखी काहीतरी असणार.

१७ डिसेंबर

आज रिपोर्ट आला. जुनी गोळी अजून चालते. औषध बदलायची गरज नाही. समुपदेशक बाई पुस्तिकेचे गठ्ठे न्यायला आल्या होत्या, हे मला कळवा, असं बटणवालीनेच त्यांना सांगितलं होतं. गठ्ठ्यांमागे उभं राहून मी रडून घेतलं.

१९ डिसेंबर

आज मोठं मशीन अडलं. कॅलेंडरांचे कागद एकात एक घुसले आणि आम्ही सगळे सकाळपासून कोपरापर्यंत शाईत होतो. फोन ड्रॉवरमध्ये, डायरीखाली. मशीन पुन्हा धडधडायला लागलं तेव्हा मी घड्याळ बघितलं. पावणेनऊ.

हात पुसत ड्रॉवरकडे धावले, तेवढ्यात मालकांनी दाराकडे खूण केली. दारात हा उभा होता. युनिफॉर्मवर, हातात हत्यारांची पिशवी, धापा टाकत. इथली लिफ्ट बंद आहे, चार जिने चढून आला होता. माझ्या हातांकडे, तोंडाकडे, शाईने भरलेल्या कपड्यांकडे त्याने नीट बघून घेतलं. लिफ्टची तार बघतो तसं, वरपासून खालपर्यंत.

मी म्हणाले, मशीन अडलं होतं, ऐकू आलं नाही. तिला लावायचा राहिला.

"तिला मी लावला. तिने घेतली. मीही घेतली," तो म्हणाला. मग मशीनच्या आवाजामुळे जरा वाकून, एकोणीस दिवसांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून त्याने विचारलं, "तू घेतलीस?"

माझी व्हिटॅमिनची बाटली नोव्हेंबरातच संपली होती. मी म्हणाले, घेतली.

तो बरं म्हणाला, पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि जिना उतरून कामाला गेला. मी ड्रॉवर उघडून फोन बघितला. त्याचे तीन होते.